कडाप्प्याच्या ओट्यावर नवा कोबा

नाशिकच्या इंदिरानगरमधील जुन्या सोसायट्या, रो-हाउस आणि बंगले यांच्या स्वयंपाकघरांत ओटा बहुधा कडाप्प्याचा असतो, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या वापरानंतर त्याची होणारी अवस्था घरोघरी सारखीच असते. शेगडीभोवतीचा भाग तेलाने कळकट होतो, सिंकपाशी पांढरट चट्टे उठतात, पुढच्या पट्टीच्या कपच्या निघतात आणि कितीही घासले तरी दगडाची मूळची चकाकी परत येत नाही. असा ओटा काढून ग्रॅनाइट बसवणे हा रूढ मार्ग आहे; परंतु ओटा तोडताना भिंतीवरील टाइल्सची खालची रांग हमखास फुटते, नळाच्या जोडण्या हलतात आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत सगळा राडारोडा जिन्यावरून उतरवावा लागतो. जुना ओटा जागच्या जागी ठेवून त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा काही मिलिमीटर जाडीचा थर चढवणे हा या खटाटोपाला पर्याय आहे. तो स्वस्त आणि देखणा ठरू शकतो. मात्र वरच्या थराचे आयुष्य खालच्या दगडाच्या घट्टपणावर आणि थरावर दिलेल्या संरक्षक लेपावर अवलंबून असते. या दोन्हींकडे दुर्लक्ष करून केवळ रंगरूपाकडे पाहणाऱ्याने या कामाच्या वाटेस जाऊ नये.

सिमेंटचे घोटीव पृष्ठ महाराष्ट्राला नवे नाही. कोकण-गोव्यातील घरांतली तांबडी जमीन आणि जुन्या शाळा-दवाखान्यांतला करडा कोबा ही त्याचीच रूपे होत. ठेकेदारांच्या बोलण्यात ज्याला ‘आयपीएस’, म्हणजे इंडियन पेटंट स्टोन, म्हटले जाते तो हाच कोबा. फरक जाडीचा आहे. जमिनीचा कोबा चार-पाच सेंटिमीटर जाड असल्यामुळे स्वतःच्या वजनावर आणि जाडीवर टिकतो, तर ओट्यावरचा थर जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर असतो आणि इतक्या पातळ थरात साधे सिमेंट-वाळूचे मिश्रण पाणी पटकन गमावते, आकसते, तडकते व सुटून येते. म्हणून त्यात स्टायरीन-ब्युटाडाइन रबर, म्हणजेच बाजारात ‘एसबीआर’ या नावाने मिळणारा दुधासारखा पांढरा द्रव, किंवा ॲक्रिलिक पॉलिमर मिसळतात. या द्रवातील अतिसूक्ष्म कण पाणी उडून जाताना एकमेकांना जोडले जाऊन सिमेंटच्या कणांमध्ये एक चिवट पापुद्रा तयार करतात, त्यामुळे थराची पकड वाढते आणि पाणी शोषण्याचे प्रमाण घटते. सुतारकामातला पांढरा गोंद याऐवजी कधीही वापरू नये, कारण तो पाण्याच्या संपर्कात पुन्हा मऊ पडतो.

कामाचा आरंभ दगड ओळखण्यापासून होतो. काळा दिसणारा प्रत्येक ओटा कडाप्प्याचा नसतो; काळा ग्रॅनाइटही वापरातून निस्तेज झाला की वरवर पाहता तसाच दिसतो. आंध्र प्रदेशातील कडप्पा भागावरून नाव पडलेला कडाप्पा हा चुनखडीचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा दगड असून आम्लाने तो झिजतो. पांडवलेण्यांच्या डोंगराचा काळा बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट यांच्यावर लिंबाचा तसा परिणाम होत नाही. ओट्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटांनी पुसले असता तेथे फिका, खरखरीत डाग उमटला तर तो कडाप्पा समजावा. ही ओळख पुढच्या कामासाठी आवश्यक आहे, कारण कडाप्पा थरांचा बनलेला असल्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात आणि सुटत्या पापुद्र्यावर चढवलेला थर कितीही चांगला असला तरी त्या पापुद्र्यासकट निघून येतो, तर ग्रॅनाइट अखंड असतो पण इतका गुळगुळीत आणि कमी शोषणारा असतो की त्यावर सिमेंटला धरायला जागाच मिळत नाही.

त्यानंतर ओट्याची तपासणी करावी. लाकडी मुठीने किंवा नाण्याने वीतभर अंतरावर ठोकत गेल्यास घट्ट जागी खणखणीत आणि पोकळ जागी बद्द आवाज येतो. बद्द जागा खडूने आखून ठेवाव्यात. खालची कपाटे रिकामी करून टॉर्चच्या उजेडात ओट्याची खालची बाजू पाहावी. सिंकभोवती ओल, दोन कडाप्प्यांच्या सांध्यातून पाझर किंवा उभ्या आधाराच्या दगडापासून सुटलेली आडवी फरशी आढळली तर आधी ते दुरुस्त केले पाहिजे. काही घरांत ओटा सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबचा असून त्यावर टाइल्स असतात. अशा स्लॅबमधील सळई गंजून फुगली असेल आणि खालून काँक्रीटचे तुकडे पडत असतील तर त्यावर नवा थर चढवणे म्हणजे निव्वळ पैसा वाया घालवणे होय. प्लायवुड किंवा पार्टिकल बोर्डावरच्या ओट्यावरही हे काम करू नये, कारण ओलाव्याने लाकूड फुगते आणि सिमेंटचा थर त्याबरोबर ताणला जात नाही.

वजनाचा प्रश्न अनेकदा विचारला जातो. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याचे क्षेत्रफळ सुमारे १.८६ चौरस मीटर भरते. त्यावर एकूण ८ मिलिमीटर जाडीचा थर दिला तर सुमारे १५ लिटर मिश्रण लागते आणि ३० ते ३५ किलो भार वाढतो, जो सुस्थितीतील ओटा सहज पेलतो. सिमेंटची ५० किलोंची गोणी अशा कामात निम्मीही संपत नाही. जाडजूड दिसावे म्हणून चार सेंटिमीटरचे काँक्रीट ओतण्याचा आग्रह काही जण धरतात, परंतु तेव्हा भार पावणेदोनशे किलोंच्या आसपास जातो आणि तो जुन्या कडाप्प्याच्या आधारांवर टाकणे धोक्याचे आहे. जाडीचा आभास हवा असेल तर पुढची पट्टी तेवढी खाली उतरवून रुंद करावी. उंचीतील फरक लहान असला तरी सिंकपाशी तो जाणवतो: सिंक खालून बसवलेले असेल तर नव्या थराची कड गोलाई देऊन आत उतरवावी लागते, आणि वरून बसवलेले असेल तर ते काढून काम झाल्यावर नव्या थरावर पुन्हा बसवणे योग्य ठरते. सिंकच्या काठाला टेकवून थर संपवला तर त्या फटीतून पाणी शिरते, आणि थर सुटायला बहुतेक वेळा तेथूनच सुरुवात होते.

स्वच्छतेच्या टप्प्यावर घाई होते आणि पुढे तिचीच किंमत मोजावी लागते. वर्षानुवर्षे उडालेले फोडणीचे तेल शेगडीभोवतीच्या दगडात मुरलेले असते. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून, ओट्यावर काही वेळ राहू देऊन, कडक ब्रशने घासावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि गरज पडेल तितक्या वेळा हे पुन्हा करावे. वाळलेल्या दगडावर पाणी शिंपडले असता ते सपाट पसरले तर पृष्ठ तेलमुक्त झाले असे मानता येते. थेंबांचे मणी झाले तर तेल अजून आहे. त्यानंतर कडाप्प्याची उरलीसुरली चकाकी ग्राइंडरला हिऱ्याची वाटी लावून काढावी, सुटे पापुद्रे छिन्नीने उडवावेत आणि पृष्ठ हाताला खरखरीत लागेल इतके करावे. ग्रॅनाइटच्या बाबतीत एवढे पुरत नाही. त्यावर इपॉक्सीचा पातळ हात देऊन तो ओला असतानाच कोरडी, स्वच्छ वाळू भुरभुरावी आणि इपॉक्सी कडक झाल्यावर न चिकटलेली वाळू झाडून टाकावी, म्हणजे चिकटलेल्या वाळूचे खडबडीत पृष्ठ सिमेंटला पकड देते.

दगड घासताना उडणाऱ्या धुळीबाबत येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ग्रॅनाइट, वाळू आणि सिमेंटचा कोबा यांच्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात; ते फुप्फुसात खोलवर जाऊन साचतात आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही. म्हणून घासकाम शक्य तेथे पाणी सोडत करावे, मात्र त्यासाठी ओल्या कामाचेच विजेचे सुरक्षित यंत्र असावे. ते नसेल तर धूळ खेचणारे यंत्र जोडावे. कामगारांना साधा रुमाल न देता एन-९५ मुखपट्टी द्यावी, स्वयंपाकघराचे दार ओल्या चादरीने झाकावे आणि भांडी-धान्य दुसऱ्या खोलीत हलवावे. एखाद्याच वेळी असे काम पाहणाऱ्या घरमालकापेक्षा रोज ते करणाऱ्या कारागिराला हा धोका कितीतरी अधिक असतो, आणि त्याच्या संरक्षणाची व्यवस्था घरमालकाने खर्चातच धरली पाहिजे. ओले सिमेंट तीव्र क्षारधर्मी असल्यामुळे हातांना जखमा होतात, तेव्हा रबरी हातमोजेही तितकेच गरजेचे आहेत.

याच काळात शेगडी हलवावी लागते. तात्पुरती चूल जमिनीवर मांडण्याचा मोह टाळावा. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असली पाहिजे, म्हणून ती भक्कम टेबलावर ठेवावी.

प्रत्यक्ष थर देताना प्रथम दगड पाण्याने भिजवून वरचे साचलेले पाणी पुसून घेतात, आणि त्यावर सिमेंट व एसबीआर यांची रबडी ब्रशने घासून लावतात. ही रबडी ओली असतानाच तिच्यावर मिश्रण पडले पाहिजे. ती वाळू दिली तर तिचा पापुद्रा पकड देण्याऐवजी पकड तोडतो, त्यामुळे गवंड्याने एका वेळी हाताच्या टप्प्यात येईल तेवढाच भाग रंगवावा. पायाभूत थरासाठी वजनाने एक भाग सिमेंट आणि दीड ते दोन भाग चाळलेली बारीक वाळू घ्यावी. एसबीआरचे प्रमाण उत्पादकाच्या डब्यावर दिलेले असते व तेच पाळावे. पाणी शक्य तितके कमी ठेवावे, कारण मिश्रण पसरायला सोपे व्हावे म्हणून ओतलेला प्रत्येक जादा तांब्या पुढे भेगांच्या रूपाने वर येतो. दगडखाणीची क्रश सँड वापरल्यास तिच्यातील बेसाल्टची काळी भुकटी रंग गडद करते, म्हणून फिकट ओटा हवा असेल तर पांढरी क्वार्ट्झ वाळू घ्यावी. दोन फरश्यांच्या सांध्यावर क्षाररोधक काचतंतूंची जाळी या थरात दाबून बसवावी, अन्यथा खालचा सांधा काही महिन्यांत वर रेघेच्या रूपात उमटतो. सिंकच्या दिशेने किंचित ढाळ द्यावा. पाणसळ ठेवून पाहिल्यास दोन फुटांत पाच-सहा मिलिमीटरचा उतार पुरेसा असतो.

पायाभूत थर घट्ट झाल्यावर प्रत्येकी सुमारे एक मिलिमीटरचे दोन अंतिम हात दिले जातात. करडे किंवा पांढरे सिमेंट, क्वार्ट्झची भुकटी, पॉलिमर आणि हवे असल्यास लोह-ऑक्साइडचे रंगद्रव्य यांचे हे मिश्रण असते. क्वार्ट्झऐवजी मार्बल पावडर अनेकदा सुचवली जाते, पण संगमरवरही आम्लाने झिजणारा असल्यामुळे स्वयंपाकघरात ती टाळलेली बरी. रंगद्रव्य सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास ठेवावे. प्रमाण वाढवले तर रंग फारसा गडद होत नाही, उलट थर दुबळा होतो. येथून पुढचे सारे कसब गुरमाळ्याच्या, म्हणजे पोलादी पात्याच्या थापीच्या, घोटाईत आहे. बोट दाबले असता ठसा उमटावा पण बोटाला लगदा चिकटू नये, अशा वेळी घोटाई सुरू करावी. त्याआधी केल्यास पाणी व बारीक कण वर येऊन पृष्ठ ठिसूळ होते, आणि उशीर झाल्यास पात्याचे काळे ओरखडे राहतात. ओल्या पृष्ठावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटण्याची कोब्याच्या कामातली जुनी सवय येथे घातक ठरते. त्याने तात्पुरती चकाकी येते, पण काही दिवसांत केसासारख्या भेगांचे जाळे दिसू लागते. नव्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेला पण घोटाई न जाणणारा माणूस आणि कोबा उत्तम घोटणारा जुना गवंडी यांच्यात निवड करायची झाल्यास जुन्या गवंड्याला नव्या मिश्रणाची माहिती देणे अधिक फलदायी ठरते.

सिमेंट वाळल्यामुळे घट्ट होते, हा समज चुकीचा आहे. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे ते घट्ट होते आणि म्हणूनच साध्या काँक्रीटला ‘आयएस ४५६ : २०००’ या भारतीय मानकाने किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटच्या बाबतीत किंवा कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस ओलावा राखण्यास सांगितले आहे. पॉलिमरयुक्त पातळ थराचे गणित निराळे असते: पहिला एक दिवस ओल्या कापडावर प्लास्टिक अंथरून तो झाकावा आणि पुढे मात्र वाळू द्यावा, कारण पॉलिमरचा पापुद्रा पाणी निघून गेल्याशिवाय तयारच होत नाही. दोन्ही पद्धतींची सरमिसळ करून आठवडाभर पाणी मारणारे गवंडी पॉलिमरचा लाभ गमावतात.

नाशिकच्या हवेत या कामाला योग्य काळ पावसाळा ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि थंडी उतरल्यावरचा फेब्रुवारी-मार्च हा आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांखाली गेले की सिमेंटची क्रिया मंदावते आणि घोटाईची वेळ रात्री उशिरापर्यंत लांबते. एप्रिल-मेमध्ये कोरड्या वाऱ्याने थर घोटण्यापूर्वीच कातडीसारखा ताणतो. पावसाळ्यात थर वाळत नाही. मात्र दिवाळीच्या तोंडावर काम काढू नये, कारण फराळाच्या घाईत अर्धवट पक्व झालेल्या ओट्यावर कढई चढते आणि तीन आठवड्यांची मेहनत एका संध्याकाळी वाया जाते.

संरक्षक लेपाशिवाय सिमेंटचा ओटा स्वयंपाकघरात वापरता येत नाही, आणि याचे कारण सिमेंटच्या घडणीतच आहे. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये मोकळा चुना असतो. त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम, ताक, टोमॅटो, व्हिनेगर यांतील आम्ल त्याला कुरतडते. द्राक्षांच्या जिल्ह्यात हेही नोंदवले पाहिजे की चिंचेत असलेले टार्टारिक आम्ल द्राक्षाच्या रसातही असते. हळदीची गोष्ट आणखी वेगळी आहे. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग तयार होतो. तीच क्रिया नव्या, उघड्या सिमेंटवर सांडलेल्या हळदीची होते आणि पिवळ्याऐवजी तांबडा डाग पडतो. लेप पूर्ण लागला आहे की नाही हे याच गुणावरून तपासता येते: कोपऱ्यात हळदीचे पाणी टेकवून पाच मिनिटांनी पुसावे, तेथे तांबूस छटा उरली तर लेपात छिद्रे आहेत.

लेपाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. सिलेन-सिलॉक्सेनसारखे आत मुरणारे लेप पाणी रोखतात आणि सिमेंटचे नैसर्गिक रूप राखतात, परंतु तेल व आम्ल यांपुढे ते तोकडे पडतात. पृष्ठावर पापुद्रा धरणाऱ्या लेपांपैकी ॲक्रिलिक गरम भांड्याखाली मऊ पडते, इपॉक्सी कठीण असली तरी खिडकीतून येणाऱ्या उन्हाने पिवळी पडते, आणि दोन घटक मिसळून लावायचे पॉलियुरेथेन या सर्वांत समतोल ठरते. त्याच्या तांत्रिक माहितीपत्रकात अन्नाच्या संपर्कास योग्य असल्याचा उल्लेख आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे. लेप लावण्यापूर्वी प्लास्टिकचा हातभर तुकडा ओट्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले किंवा खालचे सिमेंट गडद झाले असेल तर अजून थांबावे. ओलसर सिमेंटवर लावलेल्या पॉलियुरेथेनमध्ये बुडबुडे येतात आणि ते घासून काढण्यावाचून उपाय राहत नाही. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास ज्योत नसावी, आणि शेवटच्या हातानंतर आठवडाभर ओट्यावर ओले किंवा गरम काही ठेवू नये.

एवढा खर्च करण्यापूर्वी कडाप्प्याच्या किंवा शहाबादी फरशीच्या फूटभर तुकड्यावर हेच सर्व हात देऊन नमुना तयार करवून घ्यावा, आणि त्यावर हळद, फोडणीचे तेल, लिंबाची फोड, चहा व चुरडलेली द्राक्षे रात्रभर ठेवून सकाळी धुवावे. गवंड्याचे कसब, रंगाची छटा आणि लेपाची ताकद ही तिन्ही या तुकड्यावर एकाच वेळी दिसतात. नमुन्यावरचे डाग ज्या घराला खटकतात, त्या घराने ग्रॅनाइटच घ्यावा. रोजच्या भरपूर फोडण्यांच्या मोठ्या कुटुंबासाठी तो आजही अधिक निश्चिंत पर्याय आहे. त्याउलट बाथरूममधील बेसिनचा ओटा या कामासाठी फार अनुकूल असतो, कारण तेथे उष्णता व हळद नसते. तेथे खरा शत्रू स्वच्छतेसाठी सर्रास वापरले जाणारे ॲसिड हा आहे. त्याचे काही थेंबही लेपाच्या एखाद्या ओरखड्यातून सिमेंटपर्यंत पोहोचले तर थर भुसभुशीत होतो. ज्यांना प्रयोग करून पाहायचा आहे त्यांनी बेसिनच्या ओट्यापासून सुरुवात करावी आणि वर्षभराने स्वयंपाकघराचा निर्णय घ्यावा.

वापरातील पथ्ये थोडी पण काटेकोर आहेत. चुलीवरून उतरलेली कढई किंवा कुकर नेहमी आडणीवर ठेवावा, भाजी विळीवर किंवा पाटावर चिरावी, पुरणपोळी थेट ओट्यावर लाटू नये आणि खलबत्त्याखाली घडी घातलेले गोणपाट घालावे, कारण दाण्याचा कूट करताना बसणारे ठोके पातळ थराला खालून सोडवतात. पुसण्यासाठी सौम्य साबण आणि मऊ कापड पुरते; तारेची घासणी वर्ज्य समजावी. दर काही महिन्यांनी शेगडी व सिंक यांच्या मधल्या भागात पाण्याचे थेंब टाकून पाहावे. दहा मिनिटांत त्यांच्याखालचे सिमेंट गडद झाले तर लेप झिजला आहे, आणि तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरने हलका घासून नवा हात देण्याची वेळ आली आहे. ठोकल्यावर एखादी जागा बद्द वाजू लागली तर तो भाग जवळच्या सांध्यापर्यंत चौकोनी कापून काढावा; कडेकडेने रबडी भरून ती जागा पुन्हा घट्ट होत नाही.

अशा दुरुस्तीत रंग जुळणे सर्वांत कठीण असते. म्हणून मूळ कामाच्या वेळीच सिमेंट, भुकटी व रंगद्रव्य यांची ग्रॅममधील वजने लिहून ठेवावीत आणि उरलेले रंगद्रव्य व क्वार्ट्झची भुकटी हवाबंद डब्यात जपावी. ती वर्षानुवर्षे टिकते. उरलेले सिमेंट मात्र ठेवू नये, कारण ते हवेतील ओलावा घेऊन काही महिन्यांतच जुने होते, आणि दुरुस्तीसाठी नेहमी त्याच प्रकारची ताजी गोणी आणावी.